नऊ धावांचे देणे

कोल्हापूर प्रांतात, आणि आमच्या कागलासारख्या गावी तर विशेषच, खेळाविषयी बोलणे निघाले म्हणजे ते तांबड्या मातीवरून सुरू होते आणि बहुधा मातीतच संपते. क्रिकेटचा विषय तेथे उशिरा येतो. परंतु तो आला म्हणजे भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही, आणि त्या नावामागोमाग ‘नऊ धावा’ हे दोन शब्द यावयाचेच. ज्या गृहस्थाने एका डावात नाबाद ४४३ धावा काढल्या, त्याच्याविषयी बोलताना काढलेल्या धावांपेक्षा न काढलेल्या धावांचाच उच्चार अधिक व्हावा, ही गोष्ट चमत्कारिक खरी. त्या उच्चारात हळहळ असते, आणि हळहळीखाली तक्रारही असते. कोणीतरी आमचे देणे बुडविले, असा तो सूर आहे. हे देणे खरोखर होते काय, असल्यास ते कोणाच्या माथी होते व कोणास द्यावयाचे होते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तो येथे विचारून पाहावयाचा आहे.

हकीकत थोडक्यात अशी. १९४८ सालच्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्र आणि काठेवाड या संघांचा रणजी करंडकाचा सामना झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राच्या डावात दुसऱ्या गड्यासाठी निंबाळकर व भांडारकर या जोडीने ४५५ धावांची भर घातली. भांडारकर २०५ धावा काढून बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटांत त्यांनी ४९ चौकार आणि एक षटकार मारला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीसाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या, व त्यांपैकी ४४३ एकट्या निंबाळकरांच्या होत्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील तेव्हाचा उच्चांक म्हणजे डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावा. तो त्यांनी १९३० च्या जानेवारीत सिडनी येथे न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध केला होता. नऊ धावांनी बरोबरी झाली असती, दहावीने जगाचा विक्रम झाला असता. परंतु सुटी संपल्यावर काठेवाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. त्यांचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामना सोडून दिला. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असे त्यांनी कळविले, व अशा विक्रमाच्या यादीत आपल्या संघाचे नाव कायमचे जावे हे त्यांस रुचले नाही, असे तेव्हापासून सांगत आले आहेत. यादीत ते नाव शेवटी गेलेच, आणि गेले ते ह्या पळण्यासकट.

ठाकोरसाहेबांस ह्या प्रांतात आजवर कोणी वकील मिळालेला नाही. तेव्हा न्यायासाठी तरी त्यांची बाजू प्रथम मांडली पाहिजे. रणजी सामन्यांच्या नियमाप्रमाणे दिलेल्या मुदतीत खेळ पुरा न झाल्यास पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागावयाचा. म्हणजे महाराष्ट्राची २३९ वी धाव झाली तेव्हाच सामन्याचे पारडे झुकले होते. त्यापुढील शंभर-दोनशे धावा सावधगिरीच्या म्हणू, आणखी शंभर उत्साहाच्या म्हणू. परंतु आघाडी ५८८ वर गेल्यावरही जो खेळ चालू ठेवावयाचा होता, तो कशासाठी? संघास त्या धावांची गरज नव्हती, सामन्यास नव्हती. गरज होती ती एका फलंदाजाच्या एका आकड्यास. आणि तो आकडा पुरा व्हावा म्हणून दुसऱ्या अकरा माणसांनी उन्हात उभे राहावयाचे, चेंडू टाकावयाचा, सीमेपर्यंत धावत जाऊन तो आणावयाचा व पुन्हा टाकावयाचा. विक्रम एकाच्या नावे लिहिला जातो, पण त्याला लागणारी मजुरी प्रतिपक्ष करीत असतो, आणि तीही आपल्याच मानहानीसाठी. ती मजुरी आम्ही करणार नाही, असे कोणी म्हटले तर त्यास एकदम क्षुद्र म्हणून मोकळे होणे आम्हांस तितकेसे सोपे वाटत नाही. त्याच साली काठेवाडातील संस्थाने विलीन झाली होती. ज्याच्या घराण्याचे राज्य नुकतेच गेले त्यास पुण्याच्या मैदानावर आणखी एक पराभव किती बोचला असेल, याचा ज्याने त्याने तर्क करावा. आम्ही त्यावर अधिक भार देत नाही, कारण राज्य गमावलेले सर्वच राजे मैदान सोडून जात नाहीत.

येथे आमच्या मातीतील खेळाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी कुस्तीस जो आश्रय दिला, त्याची साक्ष १९१२ साली पुरे झालेले खासबागेचे मैदान आजही देत आहे. उरूस-जत्रांचे फड लहान असतात, पण नियम तोच. पाठ मातीस लागली, माणूस चितपट झाला की कुस्ती निकाली झाली. ती दोन मिनिटांत झाली काय आणि तासाभराने झाली काय, निकाल एकच. एकदा पडलेल्यास त्याच कुस्तीत दुसऱ्यांदा पाडता येत नाही. हलगी थांबते, विजयी मल्ल फेटा बांधून घेतो, पडलेला अंगावरची माती झटकतो आणि गर्दीत मिसळतो. किती पटीने हरला हे मोजावयास तेथे मापच नाही. आता गादीवरच्या कुस्तीत गुण मोजतात, परंतु तेथेही मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती थांबवितात. हरलेल्यास किती हरवावयाचे यास मर्यादा घालण्याची ही बुद्धी आखाड्यात आहे, क्रिकेटच्या मैदानात नाही. तेथे मोजणी चालूच राहते, आणि ज्या खेळात मोजणी चालू राहते त्या खेळातच विक्रम संभवतात. आमच्याकडील थोर मल्लांच्या गोष्टी सांगतात त्या अमक्याने अमक्यास पाडल्याच्या. आकड्याचा विक्रम तेथे ऐकू यावयाचा नाही.

इतके बोलून ठाकोरसाहेबांचे वकीलपत्र आम्ही परत करतो. कारण त्यांच्या बाजूने जे म्हटले त्यात एक चूक दडलेली आहे, आणि तीच चूक आमच्या ‘नऊ धावा’वाल्या मंडळींच्याही बोलण्यात आहे. दोघेही असे गृहीत धरतात की त्या नऊ धावा काठेवाडने द्यावयाच्या होत्या. एकास वाटते, त्या न देण्याचा त्यांस हक्क होता. दुसऱ्यास वाटते, त्या देणे त्यांचे कर्तव्य होते. वस्तुतः धावा ही प्रतिपक्षाने द्यावयाची वस्तूच नव्हे. कल्पना करा, की ठाकोरसाहेब मोठ्या मनाने मैदानात परत आले असते आणि त्यांच्या गोलंदाजांनी दहा मऊ चेंडू टाकून दहा धावा निंबाळकरांच्या पदरात घातल्या असत्या. मग ४५३ ही संख्या पुस्तकात आली असती, पण तिची किंमत ४४३ पेक्षा कमी झाली असती. तशी दानाची संख्या स्वाभिमानी खेळाडूस घ्यावीशी वाटेल असे आम्हांस वाटत नाही. प्रतिपक्षाचे देणे एकच असते, आणि ते म्हणजे प्रतिकार. तू पुढे जाण्याचा प्रयत्न कर, आम्ही तुला बाद करण्याचा प्रयत्न करतो, हा तो करार आहे. निंबाळकर कदाचित पुढच्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाले असते. तो धोका पत्करण्याचा हक्क त्यांच्याकडून काढून घेतला गेला. आणि काठेवाडच्या गोलंदाजांकडूनही एक हक्क काढून घेतला गेला, याची आठवण कोणासच राहत नाही. तीन दिवसांत ज्यास बाद करता आले नाही त्यास विक्रमाच्या उंबऱ्यावर बाद करण्याची संधी त्यांच्या हातात होती. त्यांच्या कर्णधाराने ती त्यांस विचारल्याशिवाय टाकून दिली, असेच म्हणावे लागते.

स्वपक्षाने साहाय्य करावे की नाही, हा प्रश्न निराळा आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत दिल्लीस पाकिस्तानविरुद्ध अनिल कुंबळे यांनी नऊ गडी बाद केल्यावर दुसऱ्या टोकाने श्रीनाथ यांनी मुद्दाम यष्टीपासून दूर चेंडू टाकले, म्हणजे दहावाही गडी कुंबळे यांनाच मिळावा. ते औदार्य होते, कारण श्रीनाथ यांनी जे सोडले ते त्यांचे स्वतःचे होते. प्रतिपक्षाच्या फलंदाजावर त्यामुळे कोणतीच सक्ती झाली नाही. त्याने बाद व्हावयास नको तर होऊ नये.

पराभूत पक्षाने प्रतिकाराचे देणे कसे फेडावे याचे उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. तोच हंगाम, तेच पुणे. १९४९ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ केल्या. एवढ्या आघाडीवर मुंबई थांबली नाही. तिने दुसऱ्यांदा फलंदाजी केली आणि ८ बाद ७१४ पर्यंत डाव नेऊन मगच तो घोषित केला. दोन डाव मिळून १३६५ धावा! ज्या महाराष्ट्राने तीन महिन्यांपूर्वी काठेवाडास राबविले, त्याच महाराष्ट्रास आता त्याच मापाने मोजून मिळाले, आणि वर आणखी पुष्कळ. विजयासाठी ९५९ धावा पाहिजे होत्या, म्हणजे विजयाची गोष्ट मनातही आणावयास नको होती. तरी महाराष्ट्र पुन्हा खेळावयास उतरला, ६०४ धावा केल्या आणि ३५४ धावांनी हरला. चार डावांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. तो सामना आज लोकांच्या तोंडी नाही, कारण त्यात कोणी एक पुरुष ‘थोडक्यात हुकला’ नाही. आमच्या मते त्या हंगामात महाराष्ट्राने केलेली सर्वांत मोठी गोष्ट ४४३ ही नव्हे, ह्या ६०४ ही होय. ह्या मतास आमच्या गावात दोन माणसांचाही पाठिंबा मिळेल की नाही याची शंका आहे.

पण येथे एक आक्षेप येतो, आणि तो लहान नाही. प्रतिकार हे पराभूताचे देणे खरे, परंतु ज्याच्या अंगी प्रतिकाराची शक्तीच नाही त्याने काय द्यावे? २०१६ च्या जानेवारीत कल्याण येथे शाळाशाळांच्या सामन्यात पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा काढल्या. एका डावात हजार धावा कोणत्याही दर्जाच्या नोंदलेल्या सामन्यात त्यापूर्वी कोणी केल्या नव्हत्या. त्याआधीचा उच्चांक होता कॉलिन्स नावाच्या इंग्रज शाळकरी मुलाचा, ६२८ धावांचा, तोही १८९९ सालचा. रिक्षा चालविणाऱ्या बापाच्या मुलाने तो मोडला याचा आनंद सर्वांस झाला आणि तो योग्यच होता. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावा केल्या आणि प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ व ५२ धावांत आटोपले. समोरची मुले वयाने लहान होती. मोठी मुले परीक्षेमुळे आली नव्हती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ती लहान मुले मैदान सोडून गेली नाहीत. त्यांनी ठाकोरसाहेबांहून अधिक खिलाडूपणा दाखविला, यात संशय नाही. परंतु त्यांस तो दाखवावा लागावा, ही स्थिती कोणी आणली? प्रणवने नव्हे. फलंदाजीस पाठविलेल्या मुलाचे काम फलंदाजी करण्याचे. थांबा म्हणण्याचे काम मैदानाबाहेर बसलेल्या वडील मंडळींचे होते.

अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉलचे वेड आपल्याकडील क्रिकेटएवढेच आहे. हा फुटबॉल आपला पायाने खेळावयाचा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत शेवटच्या रेषेपार न्यावयाचा असतो, व प्रत्येक वेळी सहा गुण मिळतात. त्या खेळात ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटा येथे जॉर्जिया टेक ह्या संस्थेच्या संघाने कंबरलँड महाविद्यालयास २२२ विरुद्ध ० असे हरविले. कंबरलँडने त्या वर्षी आपला संघच मोडला होता. परंतु सामना रद्द केल्यास तीन हजार डॉलर भरावे लागतील अशी धमकी मिळाल्यामुळे हाती लागतील ते विद्यार्थी गोळा करून त्यांस मैदानात उतरावे लागले. जॉर्जिया टेकचे गुरू हाइझमन यांच्या नावाचे पारितोषिक आज त्या देशातील महाविद्यालयीन फुटबॉलपटूस मिळणारा सर्वोच्च मान समजला जातो. २२२ हा आकडा अद्याप पुस्तकात आहे, पण त्याचा अभिमान बाळगणारा कोणी भेटणे कठीण. दंडाच्या भीतीने उभा केलेला प्रतिपक्ष हा प्रतिपक्षच नव्हे. तेव्हा आमच्या कराराची पहिली अट अशी, की दोन्ही बाजूंस प्रतिकार करता आला पाहिजे. काठेवाडचा संघ प्रथम श्रेणीचा होता, प्रौढ माणसांचा होता आणि आपखुषीने आला होता. म्हणून कल्याणच्या मुलांची दया त्याच्या वाट्यास जात नाही.

ह्याच अमेरिकन फुटबॉलमधील एक दुसरी गोष्ट आम्हांस निंबाळकरांच्या गोष्टीशेजारी ठेवावीशी वाटते. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा बॅरी सँडर्स याने १९८८ च्या एका हंगामात ३९ वेळा चेंडू रेषेपार नेऊन २३४ गुण मिळविले. चेंडू घेऊन धावणाऱ्याचे नाव छापले जाते, पण त्याच्यापुढे छातीने प्रतिपक्षाची फळी रेटून वाट मोकळी करणाऱ्या धिप्पाड गड्यांच्या नावे त्या यादीत एकही गुण नसतो. हे सँडर्स विसरला नसावा. कारण पुढल्या वर्षी तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला आणि हंगामाच्या अखेरच्या सामन्यात असा प्रसंग आला, की आणखी अवघे दहा यार्ड धावला असता तर त्या वर्षी सर्वांहून अधिक अंतर धावणाऱ्याशी त्याची बरोबरी झाली असती. सामना जिंकल्यातच जमा होता. मैदानात जातोस काय, असे त्यास विचारण्यात आले आणि तो बाकावरून उठला नाही. १४७० यार्डांवर त्याचा हंगाम संपला. १४८० वाल्यास मान मिळाला. दहा यार्ड आणि दहा धावा यांची ही जुळणी योगायोगाची आहे, पण एक फरक योगायोगाचा नाही. त्याग करावयाचा की नाही हे सँडर्सने स्वतः ठरविले, आणि निंबाळकरांच्या बाबतीत ते दुसऱ्याने ठरविले. २००४ च्या मार्चमध्ये मुलतानच्या कसोटीत सचिन तेंडुलकर १९४ वर असताना कर्णधार द्रविड यांनी डाव घोषित केला तेव्हा महाराष्ट्रात किती घरांतून संताप उसळला हे वाचकांच्या स्मरणात असेलच. पण भारताने तो सामना डावाने जिंकला, आणि संघासाठी एकाचा आकडा थांबविण्याचा अधिकार कर्णधारास असतोच. हा अधिकार स्वतःच्या कर्णधाराचा. प्रतिपक्षाच्या कर्णधारास तो कोणी दिला?

आता इतका वेळ ज्या आकड्यांसाठी आपण भांडलो त्यांचे स्वतःचे मोल काय, हेही पाहावे. सांगलीस जन्मलेले विजय हजारे यांनी १९४३ च्या डिसेंबरात मुंबईस पंचरंगी सामन्याच्या अंतिम फेरीत एकट्याने ३०९ धावा काढल्या. त्यांच्या संघाची त्या डावातील एकूण धावसंख्या होती ३८७. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, आणि तीत विवेकांचा वाटा होता २१ धावांचा. एवढे करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. त्या ३०९ पैकी एकही धाव फावल्या वेळेची नव्हती. त्या काढल्या जात असताना सामना हातचा जात होता व फलंदाज तो धरून ठेवीत होता. निंबाळकरांच्या ४४३ मध्ये कौशल्य अधिक असेल, धीर तर अलौकिकच होता, पण हा झगडा तीत शेवटी शेवटी उरलेला नव्हता. हा त्यांचा दोष नव्हे, प्रसंगाचा दोष होता. त्या विवेक हजाऱ्यांच्या २१ धावा मात्र आम्हांस फार आवडतात. तीनशेच्या भागीदारीत एकवीस धावा काढून टिकून राहणे हे कोणत्या यादीत लिहितात?

समजा, त्या दिवशी ४५३ झाल्या असत्या. १९५९ च्या जानेवारीत कराचीस हनीफ महंमद ४९९ पर्यंत पोचले व पाचशेवी धाव घेताना धावबाद झाले. १९९४ च्या जूनमध्ये ब्रायन लारा यांनी इंग्लंडात नाबाद ५०१ केल्या. म्हणजे निंबाळकरांचा विक्रम फार तर दहा वर्षे आणि काही आठवडे टिकला असता. प्रथम श्रेणीच्या सामन्यात चारशेच्या पुढे गेलेले एकमेव भारतीय हे त्यांचे स्थान त्या नऊ धावांवाचूनही अबाधित राहिले. क्रिकेट नियामक मंडळाने २००२ साली त्यांस सी. के. नायडू पुरस्कार दिला. २०१२ च्या ११ डिसेंबरास, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरास त्यांचे देहावसान झाले.

नऊ धावांचे देणे कोणाकडेच नव्हते, असे आम्ही वर म्हटले. म्हणून निंबाळकरांचे कोणाकडे काहीच येणे नव्हते असे कोणी समजू नये. १९४८ च्या त्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात आलेला होता. दुसरी कसोटी मुंबईस १३ डिसेंबरला संपली होती. त्यानंतर आठवडा लोटण्याच्या आतच पुण्याच्या मैदानावर हा सर्व प्रकार घडला. निंबाळकरांनी पुढे किती संघांकडून रणजी सामने खेळले आणि किती वर्षे खेळले ते सर्वांस ठाऊक आहे. अधिकृत कसोटीत त्यांस एकदाही घेण्यात आले नाही. ठाकोरसाहेबांनी जे अडविले त्यावर ह्या प्रांतात इतकी वर्षे चर्चा होत आहे. निवड समितीने जे अडविले त्यावर तितकी होत नाही, कारण त्यास नऊसारखा सुटसुटीत आकडा नाही. त्या मालिकेतील तिसरी कसोटी ३१ डिसेंबरला कलकत्त्यास सुरू झाली. ४४३ धावा काढून दोन आठवडेही झाले नव्हते. भारताच्या अकरांत निंबाळकर नव्हते.